अंगठा आणि पाच किलो

कंट्रोलच्या दुकानातून धान्य घ्यायचे तर आधी अंगठा जुळावा लागतो. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत हीच पद्धत आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलोचा. महाराष्ट्रात हा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. तेव्हा गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पैशाची अडचण संपली, बोटाची राहिली.

दुकानदार ई-पॉस यंत्रात शिधापत्रिकेचा क्रमांक टाकतो, पडद्यावर कुटुंबातली नावे येतात आणि आलेल्या माणसाचे नाव निवडले जाते. मग बोट काचेवर ठेवायचे. ठसा आधारच्या नोंदीशी जुळला की पावती निघते आणि धान्य काट्यावर चढते. तरुण माणसाचे काम मिनिटभरात उरकते. सत्तरी ओलांडलेल्या बाईचे तसे होत नाही. अंगठा जुळत नाही म्हणून तर्जनी, तीही नाही म्हणून डावा हात. बोट पदराला पुसायचे, ओल्या फडक्यावर टेकवायचे, पुन्हा जोर देऊन दाबायचे. तेवढ्यात रेंज गेली तर सगळे पहिल्यापासून. मागे रांग खोळंबलेली असते.

याचे कारण शरीरात आहे आणि कामातही. वय वाढते तशी त्वचा कोरडी आणि पातळ होते, ठशाच्या रेषांचा उठाव कमी होतो. त्यात हा जिल्हा कापूस-सोयाबीनचा. वेचणीत बोंडाची सुकी टोके बोटांना ओरखडतात, निंदणात खुरप्याची मूठ घासते, हिवाळ्यात भेगा पडतात. यंत्र फक्त ठसा जुळला नाही एवढेच सांगते. रांगेतली माणसे मात्र म्हातारीचे बोट खराब झाले असे म्हणतात. ते खराब झालेले नाही, झिजलेले आहे. ते वाचता न येणे ही यंत्राची उणीव आहे, आणि तिची भरपाई त्या बाईला खेटे घालून करावी लागते.

यावर पर्याय आहेत. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवता येतो. पण तो नंबर अनेकदा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या हातात असतो किंवा कधीचाच बंद पडलेला असतो. काही ठिकाणी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवतात. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आपल्या वतीने धान्य आणणारा माणूस, म्हणजे नॉमिनी, नोंदवता येतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अशी सोय आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. पुढे शिधापत्रिकेवरच्या प्रत्येकाला ई-केवायसी सक्तीची झाली. चेहऱ्यावरून ती करणारे अ‍ॅप आले, मात्र त्यालाही स्मार्टफोन आणि तो चालवणारा हात लागतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात, रेशन बंद झालेल्या एका कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि देशभर वाद पेटला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने राज्यांना बजावले की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये. कागदपत्रे पाहून ते द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. म्हणजे अंगठा जुळला नाही तरी पाच किलोंचा हक्क उरतोच.

अन्न सुरक्षा कायद्यात न बसणाऱ्या केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत बुलढाणा येतो. तिथे २०१५ पासून या शेतकऱ्यांनाही माणशी पाच किलो धान्य मिळत होते. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी दीडशे रुपये बँक खात्यात जमा करायचे ठरले. पुढच्या वर्षी ती रक्कम १७० झाली. दीडशे रुपयांत पाच किलो म्हणजे किलोला तीस रुपये पडले. वृद्ध शेतकऱ्याला आता गावातल्या दुकानाऐवजी बँक गाठावी लागते आणि त्यानंतर बाजार. गावात बँक मित्र असला तर त्याच्याकडेही पैसे काढायला बहुधा अंगठाच लागतो.

उपाय अवघड नाहीत. ठसा जुळत नाही अशा वृद्धांची गावनिहाय यादी करावी, नॉमिनीचा अर्ज दुकानदारानेच भरून घ्यावा, आणि ठसा नाकारला गेला तर त्याच फेरीत नोंदवहीवर धान्य द्यावे. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहावा. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद अन्न सुरक्षा कायद्याच्याच कलम ८ मध्ये आहे. पाच किलो पोहोचवण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे, म्हातारीच्या बोटावर नाही.