धक्का : चुकून की मुद्दाम?

रांगेत धक्का लागतो. एक मुलगा वळून पाहतो व पुढे चालू लागतो. दुसरा लगेच हात उगारतो. त्याला ‘मारकुटा’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु धक्का आणि उगारलेला हात यांमध्ये एक पायरी असते : ‘याने असे का केले?’ या प्रश्नाचे मुलाने मनात दिलेले उत्तर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली दुसरी, चौथी व सहावीतील मुलग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाचे अर्धवट जुळवलेले चित्रकोडे दुसऱ्या मुलाने मोडले, असे भासवण्यात आले. मोडणाऱ्याचा हेतू स्पष्टपणे वाईट किंवा चांगला असताना आक्रमक मुले इतरांसारखीच वागली. हेतू संदिग्ध असताना मात्र त्यांनी तो वाईटच धरला व तसाच प्रतिकार केला.

घरी मार खाणाऱ्या मुलांत असा अर्थ लावण्याची सवय अधिक आढळते, असे डॉज व सहकाऱ्यांना १९९० मध्ये दिसले. मग छडीने ती कशी सुटणार? त्यापेक्षा राग ओसरल्यावर आपण विचारावे : ‘त्याने मुद्दाम केले, हे कशावरून? दुसरे काय कारण असू शकेल?’ १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील शाळांत सिंथिया हडली व सँड्रा ग्रॅहम यांनी मुलांकडून असाच सराव करून घेतला, तेव्हा त्यांची आक्रमकता कमी झाली. हेतू ओळखणे हेही वाचनासारखेच शिकवावे लागते.