जपानी शाळेतील परदेशी सहायक शिक्षक

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाशेजारी उभी असलेली परदेशी तरुण व्यक्ती तेथील मुलांना आता नवलाची राहिलेली नाही. परंतु ही व्यवस्था केवळ भाषाशिक्षणाच्या गरजेतून जन्माला आली, असे मानणे बरोबर होणार नाही. 1980 च्या दशकात जपानची निर्यात वाढत गेली, अमेरिकेशी व्यापारी तणाव निर्माण झाला आणि जपानी समाज बाहेरच्या जगाला दूर ठेवतो ही टीका तीव्र झाली, तेव्हा पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांच्या काळात ‘कोकुसाइका’, म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण, हे धोरण पुढे आले आणि त्यातून 1987 मध्ये ‘जेट’ नावाची शासकीय योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या 4 देशांतून 848 पदवीधर आले. परदेशी माणूस गावोगावी पोहोचावा, लोकांच्या परिचयाचा व्हावा, हा हेतू प्रबळ असल्यामुळे उमेदवाराकडे अध्यापनाची पदवी किंवा जपानी भाषेचे ज्ञान असलेच पाहिजे, अशी अट घातली गेली नाही.

या शिक्षकाच्या दैनंदिन जीवनातील बहुतेक गुंतागुंत याच मुळाशी जाऊन पोहोचते. त्याचे पद ‘सहायक भाषा शिक्षक’ असे आहे. शिक्षकी परवाना नसल्यामुळे वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची असते आणि दोघांनी मिळून शिकवावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हे सहअध्यापन त्या जपानी शिक्षकाच्या उत्साहावर आणि वेळेवर अवलंबून राहते. माध्यमिक शाळेत प्रवेशपरीक्षांचे सावट असते. तेथे ‘याकुदोकु’, म्हणजे परकीय वाक्याचा शब्दशः अनुवाद करत व्याकरण उलगडण्याची जुनी पद्धत, अजून पुरती सुटलेली नाही (तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलेल्या मराठी पिढ्यांना ती ओळखीची वाटेल), आणि मग सहायकाच्या वाट्याला धडा मोठ्याने वाचून दाखवण्यापलीकडे फारसे काही येत नाही. प्राथमिक शाळेत चित्र उलटे दिसते. 2020 पासून तिसरी-चौथीला परदेशी भाषेचे उपक्रम आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा स्वतंत्र विषय लागू झाला. पण तेथे बहुतेक विषय वर्गशिक्षकच शिकवतो आणि त्याचे इंग्रजीचे प्रशिक्षण बहुधा अपुरे असते, म्हणून नावाने सहायक असलेल्या परदेशी व्यक्तीलाच अनेकदा 45 मिनिटांचा तास पेलावा लागतो. असे शिक्षक कित्येकदा एकाहून अधिक शाळांत आळीपाळीने जातात.

शाळेचा दिवस ‘गेन्कान’मध्ये, म्हणजे प्रवेशद्वाराशी बाहेरची पादत्राणे काढून आतली घालण्याने, सुरू होतो. ‘शोकुइन्शित्सु’ हे सर्व शिक्षकांचे सामाईक दालन असून तेथे इयत्तेनुसार मेजे जोडून मांडलेली असतात, उपमुख्याध्यापक बहुधा सर्वांना पाहता येईल अशा जागी बसतात आणि सकाळची बैठक जपानीतच होते. भाषा न येणाऱ्याला वेळापत्रकातला बदल शेजाऱ्याने सांगितला तरच कळतो. दुपारी ‘क्यूशोकु’, म्हणजे शालेय भोजन, असते. पांढरे झगे आणि टोप्या घातलेली मुले स्वतः वाढतात आणि शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर तेच अन्न खातात. त्यानंतर ‘सोजी’, म्हणजे मुलांनी वर्ग आणि जिने झाडून-पुसून स्वच्छ करण्याचा वेळ, येतो. भोजन आणि स्वच्छता ही दोन्ही तेथे शिक्षणाचीच अंगे मानली जातात, आणि या परिपाठात सामील होणारा परदेशी शिक्षक मुलांना सर्वाधिक जवळचा वाटू लागतो. फळ्यासमोर चुकण्याच्या भीतीने मूक राहणारे मूल ताट हातात असताना दोन इंग्रजी शब्द सहज बोलून जाते. योजनेचे खरे यश तेथे दिसते, असे म्हणावे लागेल.

मात्र सर्वच सहायक शिक्षक या शासकीय योजनेतून येत नाहीत. अनेक स्थानिक शिक्षण मंडळे त्यांची थेट नेमणूक करतात किंवा खासगी कंपन्यांकडून सेवा घेतात. सेवा जर निव्वळ कंत्राटी स्वरूपाची असेल, तर कामगारविषयक नियमांनुसार शाळेतील शिक्षकाने कंपनीच्या माणसाला थेट सूचना देणे अपेक्षित नसते, आणि ज्या दोघांनी एकमेकांशी बोलत वर्ग चालवायचा त्यांच्यामध्येच कायद्याची भिंत उभी राहते. ही विसंगती गंभीर आहे आणि तिची झळ अखेर मुलांना लागते.

जेट योजनेतील करार एका वर्षाचा असून तो जास्तीत जास्त 5 वर्षांपर्यंत वाढवता येतो. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर नवे सहायक बहुतेक उन्हाळ्यात येतात, त्यामुळे त्यांची पहिली ओळख अर्ध्यावर आलेल्या वर्गांशी होते. आणि ज्यांना शाळा, परिसर व भाषा नीट उमगली, त्यांनाही मुदत संपताच योजनेतून बाहेर पडावे लागते. नेहमीची पात्रता नसलेल्या तज्ज्ञाला अध्यापनाचा विशेष परवाना देण्याची तरतूद जपानच्या कायद्यात 1988 पासून आहे. अनुभवी सहायकांसाठी तिचा उदारपणे वापर झाला, तर त्यांच्यापैकी काहींना वर्गाची पूर्ण जबाबदारी घेऊन त्याच शाळांत राहता येईल.