पासपोर्ट घेऊन माहेरी

भायखळा म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी फास्ट लोकलचा एक स्टॉप. मोबाइलमधून डोकं वर काढायचं आणि सीएसएमटीला उतरायच्या तयारीला लागायचं, एवढाच त्याचा उपयोग. फार तर भाचरांना पेंग्विन दाखवायला राणीबागेत जाणं होतं. पण याच भायखळ्यात अधूनमधून एक वेगळंच पब्लिक दिसतं. सत्तरी ओलांडलेलं जोडपं, डोक्यावर हॅट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात पाण्याची बाटली. आपण म्हणतो, फॉरिनर. आणि तेवढ्यात त्यातल्या बाई टॅक्सीवाल्याला म्हणतात, "अहो, सात रस्त्याला सोडा ना. मीटरनं हं!"

हे बेने इस्रायली. आपल्या कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं जहाज फुटलं आणि वाचलेले तिथेच राहिले, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं आपल्यासारखीच, पेणचे पेणकर आणि किहीमचे केहिमकर. मग मुंबई आली, नोकऱ्या आल्या. 1948मध्ये इस्रायल झालं आणि एकेक घर रिकामं होत गेलं. तेव्हा वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात पाच हजारही उरलेला नाही. ऐन पंचविशीत गेलेले आता रिटायर झालेत, मुलं मार्गी लागलीत, हातात पेन्शन आहे. ते सुट्टीला पॅरिसला जात नाहीत, भायखळ्याला येतात.

माझ्या आईची शाळेतली मैत्रीण अशीच मागच्या हिवाळ्यात आली. मावशी आणि काका, मुक्काम पोस्ट अश्दोद. लग्न करून 1969मध्ये गेलेली. मी दोन सीएल टाकल्या आणि गूगल मॅप्सच्या भरवशावर गाइड व्हायला निघालो. पहिल्याच दिवशी मॅप्स फेल. मावशीला हवा होता मोर्लंड रोड. मॅप्सला तो मोहम्मद शहीद मार्ग म्हणून माहीत. त्यात ती म्हणाली, "आमच्या मशिदीपाशी थांबवा." जुन्या बेने इस्रायली बोलीत सिनेगॉगला मशीदच म्हणतात. आग्रीपाड्यात टॅक्सीवाल्याला हे सांगितलं तर तो साहजिकच विचारणार, "कौनसी मस्जिद?" पाच मिनिटं नुसता गोंधळ!

ती 'मशीद' म्हणजे मागेन हसिदीम, 1931ची इमारत. (निळी, उंच टॉवरची मागेन डेव्हिड वेगळी. ती 1861मध्ये डेव्हिड ससूननं बगदादी ज्यूंसाठी बांधली.) दारात पोलीस. 2008च्या 26/11नंतर मुंबईतल्या सगळ्याच सिनेगॉगना बंदोबस्त आहे, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. मावशीनं पर्स उघडून पासपोर्ट काढला. पोलिसानं फोटो बघितला, मावशीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "या दारातून मी परकर सावरत धावत शिरायचे," ती मला म्हणाली, आणि रजिस्टरमध्ये सही केली. पत्त्याच्या रकान्यात अश्दोद.

माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या फाटकाशी आई पण होती. 1875मध्ये केहिमकरांनी ती इस्राएलाइट स्कूल म्हणून काढली. आता तिथे बहुतेक मुलं मुसलमान. एका चिमुरडीनं हॅट बघून विचारलं, "आंटी, आप किधर से आये?" मावशी म्हणाली, "इधर से ही."

तिचं मराठी हा स्वतंत्र विषय आहे. तिच्या तोंडी अजून व्हीटी आणि व्हिक्टोरिया गार्डन. 'रिचार्ज मारला' ऐकून तिनं मला दोनदा विचारलं, कुणाला मारला? पण वाचन चालू राहिलं, कारण इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक निघायचं, ते घरी यायचं. रात्री जेवायला आईनं मटण केलं आणि खीर मुद्दाम टाळली. मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा केला. रेसिपी मावशीच्याच आईची, शाळेत असताना उतरवून घेतलेली.

आणि खरं काम त्या आईचंच होतं. 1978मध्ये ती गेली, तेव्हा तार पोचेपर्यंत इथलं सगळं आटोपलं होतं. त्या काळी इस्रायलहून येणं म्हणजे व्हिसाचं मोठंच प्रकरण, दोन देशांचे पूर्ण राजनैतिक संबंधच 1992च्या जानेवारीत सुरू झाले. मावशी 1995मध्ये आली आणि तिनं दगड बसवून घेतला. आता तो पुसट झाल्याचं कुणीतरी कळवलं होतं.

वरळीचं ज्यू कब्रस्तान डॉ. ई. मोझेस रोडवर आहे. हे मोझेस बेने इस्रायलीच, 1937मध्ये मुंबईचे महापौर झालेले. आम्ही रांगेरांगेनं दीडेक तास शोधलं. बऱ्याच दगडांवर हिब्रूखाली चक्क देवनागरी. सापडला तेव्हा मावशीनं बाटलीतलं पाणी ओतून रुमालानं अक्षरं पुसली. ज्यू लोक कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. तिनं अश्दोदच्या किनाऱ्यावरचा खडा गोळ्यांच्या डबीतून आणला होता.

मग वाद झाला. काकांचं म्हणणं, अक्षरं नव्यानं कोरायचीच आहेत तर हिब्रू आणि इंग्लिश ठेवू. नातवंडं आली तर वाचतील तरी, मराठी त्यांना येत नाही. मला ते पटलं, खरं सांगतो. मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

"माझ्या आईला इंग्लिश येत नव्हतं," एवढंच म्हणाली.

कारागिरानं विचारलं, मराठी ठेवायचं का नाही? काकांनी मान हलवली, ठेवा. त्यानं एका अक्षराचा भाव सांगितला आणि काना-मात्रेचे पैसे वेगळे म्हणाला. झालं! भायखळ्याच्या मंडईत मेथीच्या जुडीसाठी घालतात तसली हुज्जत मावशीनं सुरू केली, काना म्हणजे काय अक्षर आहे का, नुसती उभी रेघ ती! त्यानं काने फुकट दिले. वेलांट्यांवर मात्र तो अडून बसला.