क्षमा कोणी मागायची?

लेखमाला : भांडणानंतर (लेखांक सहावा)

जून लागला की दारव्हा तालुक्यात धुऱ्यावरची भांडणं सुरू होतात. पेरणीच्या घाईत एकाचा वखर दुसऱ्याच्या धुऱ्यात शिरतो, पांदण अडते, तोंडातून नको ते निघतं, आणि चुलतभाऊ पोलीस ठाण्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेले दिसतात. कायद्याने वाटा ठेवल्या आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. दोघे बारा वर्षं एकमेकांचीच जमीन वाहत असतील तर २०२३ च्या सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल होते. किरकोळ मारहाणीची फिर्याद आपसात मिटवायची मुभाही कायद्यात आहे. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये सापडते.

तरीही निकाल लागून वर्षं उलटतात आणि ती दोन घरं एकमेकांच्या मातीलाही जात नाहीत. धुरा कोणाचा हे निकालपत्र सांगतं. भर चौकात कोणाच्या आईला काय बोललं गेलं, ते त्यात नसतं.

१५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती ही पोकळी ओळखूनच. ग्रामसभेने समिती नेमायची, तंट्यांची नोंदवही ठेवायची, पोलीस पाटील, तलाठी आणि गावातल्या जाणत्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कोर्टाच्या तारखेला जायचं म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो, तिथे या मोहिमेचं मोल मोठं आहे. दोन भाऊ तालुक्याला न जाता पारावर बोलले, हे मी कमी मानत नाही.

पण मोहिमेत बक्षीस होतं, आणि बक्षीस तंटे मिटवण्याचं होतं. नोंदवहीतला आकडा खाली आणायचा तर सोपा मार्ग एकच : ज्याचं गावात बळ कमी, त्याला म्हणायचं, बाबा, तू सोडून दे.

हे किती दूर जाऊ शकतं, ते आपल्याच विदर्भात दिसलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना गावातल्या जमावाने मारलं. मागे शेतातून वाट काढण्याचा जुना वाद होता. म्हणजे सुरुवात आपल्या धुऱ्यासारखीच. खालच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या सहा जणांची फाशी उच्च न्यायालयाने २०१० मध्ये जन्मठेपेत बदलली. अ‍ॅट्रॉसिटीची कलमं मात्र टिकली नाहीत, म्हणजे गुन्ह्यातली जात निकालात मान्यच झाली नाही. आणि काही वर्षांतच हे गाव तंटामुक्त म्हणून पुरस्काराला पात्र ठरलं. तक्रार करणारं घरच गावात उरलं नव्हतं. बायको आणि तिन्ही मुलं गमावलेले भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत वारले. त्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा करण्याचा हक्क गावाला कधी मिळालाच नव्हता, कारण आधी कबुली लागते.

दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाने १९९६ मध्ये सुनावण्या सुरू केल्या, तेव्हा हा क्रम कायद्यातच घातलेला होता. शिक्षेतून सूट हवी तर राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्ण, जाहीर सांगायचा. सात हजारांवर अर्ज आले आणि बहुसंख्य फेटाळले गेले. पश्चात्तापाची अट मात्र नव्हती. सूट आयोगाची समिती देत होती. क्षमा द्यायची की नाही, हे मारल्या गेलेल्यांच्या आयांवर सोडलं होतं. काहींनी दिली. काहींनी स्पष्ट नकार दिला आणि त्याबद्दल कोणी त्यांना दंड केला नाही. हा नकार जपणं मला त्या आयोगाची मोठी कमाई वाटते.

कबुली येत नसेल तोवर काय करायचं? भिवंडीकडे बघावं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली. गटार, नळ, मिरवणुकीचा रस्ता असे विषय. जुनी दंगल कोणी कोणाला माफ केली असं नाही. पण १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

म्हणून दारव्ह्याच्या गावागावांतल्या समित्यांकडे माझं मागणं आहे. मिटवामिटवीच्या कागदावर सही घेण्याआधी, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बाजूला, एकट्याला विचारा : तुला हे खरंच मान्य आहे का? घरातल्या बाईलाही विचारा, कारण शिव्या बहुतेक वेळा तिच्या नावाने दिलेल्या असतात. समोरच्याने काय केलं ते त्याच्याच तोंडून सगळ्यांसमोर येऊ द्या. आणि नाही म्हणणाऱ्याची चक्की, विहीर, किराणा बंद होणार नाही याची हमी द्या. अशी कोंडी करणं सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने २०१७ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि तो कायदा गावाच्या एकमतापेक्षा वरचा आहे.

पुढच्या लेखांकात रवांडा : १९९४ च्या नरसंहारानंतर शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांचा न्याय करण्यासाठी गवतावर भरलेली गचाचा न्यायालयं.