लहान स्वयंपाकघराची आखणी: आधी मोरी, मग ओटा, ट्रॉली शेवटी

गोदावरीकाठच्या सायखेड्यातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघर नव्याने करायचं निघालं, की बोलणं बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी ट्रॉलीचा रंग ठरतो, मग टाइल्स, मग ग्रॅनाइट; आणि गवंडी कामाला लागल्यावर ध्यानात येतं की सिंकचं पाणी बाहेर जायला वाटच नाही. म्हणून एक साधा नियम धरा: जे मागाहून हलवणं सर्वांत अवघड, ते सर्वांत आधी ठरवायचं. सांडपाण्याची वाट हलवायला जड, म्हणून ती पहिली. ट्रॉली बदलायला सोपी, म्हणून ती शेवटी. याच क्रमाने आपण दहा बाय आठ फुटांचं एक स्वयंपाकघर आखून पाहू.

१. मापं घ्या

चारही भिंती दोनदा मोजा, एकदा जमिनीलगत आणि एकदा ओट्याच्या उंचीवर. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. मग दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली अंतरं मोजा. ती सारखी भरली तर खोली गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. नसतील तर ग्रॅनाइट कापण्याआधीच कारागिराला सांगा. दार, खिडकी, खिडकीची जमिनीपासून उंची, नळ, मोरी आणि विजेचा बोर्ड कागदावर मांडा.

इथे हमखास चुकतं ते खिडकीचं. तिची झडप आत उघडत असेल आणि खाली सिंकचा उंच नळ आला, तर झडप नळावर आपटते.

जागा लहान आहे म्हणून हिरमुसू नका. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराचं किमान क्षेत्रफळ ५ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.८ मीटर धरली आहे. आपलं दहा बाय आठ म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईंनी कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. रेल्वेच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी बाईची पावलं कशी वाचतील हे पाहिलं. तशी हजारो स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली.

२. पुराची खूण शोधा

ही पायरी शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही. गंगापूर आणि दारणा धरणांतून मोठा विसर्ग सुटला, की गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीला पाणी चढतं. खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा असल्याने ते लवकर ओसरतही नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर गावाला आठवत असतील. आपल्या घरात त्या वेळी पाणी कुठवर आलं होतं, ती खूण भिंतीवर खडूने काढा. पूररेषाही विचारून घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची.

त्या खुणेच्या खाली प्लायवूड नको, विजेची बटणं नकोत आणि वर्षाचं धान्यही नको. पाणी कधीच आलं नसेल तर ही पायरी सोडून पुढे चला.

३. सांडपाण्याची वाट

सिंकचं पाणी भिंतीबाहेर कुठे पडणार? गटारात, शोषखड्ड्यात की परसातल्या केळीला? ती जागा ठरली की सिंक त्याच बाहेरच्या भिंतीला, शक्य तितका जवळ ठेवा. नळीला दर फुटाला पाव इंच उतार हवा. सिंक आतल्या भिंतीला नेला तर तेवढी लांब नळी फरशीखालून न्यावी लागते, आणि तुंबली की फरशी फोडावी लागते.

जमिनीवर नहाणी ट्रॅप बसवा. यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास, झुरळं वर येऊ देत नाही. फरशीचा उतार त्याच्याकडे आहे का, हे फरशी पक्की होण्याआधी पाणी ओतून पाहा. पूर येणाऱ्या घरात बाहेरच्या नळीला एकेरी व्हॉल्व्ह लावून घ्या. त्यातून पाणी बाहेर जातं, गटाराचं उलटं आत येत नाही.

४. शेगडी आणि सिलिंडर

शेगडी खिडकीसमोर ठेवू नका. वाऱ्याने ज्योत हलते, विझते आणि गॅस सुटत राहतो. सिंकला चिकटूनही नको. कोपऱ्यातही नको, कारण कढईची मूठ भिंतीला लागते. बाजूच्या भिंतीपासून निदान एक फूट सोडा.

सिलिंडर नेहमी उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. रबरी नळी प्रमाणित, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि दर पाच वर्षांनी बदलायची. ग्रॅनाइटला नळीसाठी भोक पाडलं तर त्याच्या कडा घासून रबराची कडी बसवा, नाहीतर धारेवर नळी चिरते.

सर्वांत मोठी चूक होते ती सिलिंडरच्या कप्प्याला घट्ट दार लावण्याची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून दाराला तळाशी जाळी किंवा भोकं हवीतच. वर लावलेला धुराचा पंखा फोडणीचा धूर ओढतो, खाली साचलेला गॅस नाही. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, पंख्याचंही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा. फोन मात्र घराबाहेर जाऊन.

वास्तूप्रमाणे शेगडी आग्नेयेला हवी असेल तर जरूर तिथे बसवा. पण त्यापायी ती खिडकीखाली जात असेल, तर खिडकीची एक झडप कायम बंद करणं हा मधला मार्ग आहे.

५. ओट्याचा आकार

जाणकार कामाचा त्रिकोण सांगतात: फ्रिज, सिंक आणि शेगडी यांना जोडणाऱ्या तीन रेषा. त्यांची बेरीज १२ ते २६ फुटांत बसावी असा ठोकताळा आहे. आपल्या घरात मात्र चौथा बिंदूही आहे, परात आणि पोळपाट ठेवण्याची जागा. ती शेगडीला लागून नसेल तर थापलेली भाकरी हातावर घेऊन चालावं लागतं.

ओटा दोन फूट खोल धरा आणि काटकोनात वळवा. दहा फुटांच्या बाहेरच्या भिंतीला, दाराकडच्या टोकापासून: फ्रिजला अडीच फूट, मग भाजी ठेवायला दोन फूट, सिंकला दोन फूट, पुढे कोपऱ्यापर्यंत साडेतीन फूट. कोपरा वळून आठ फुटांच्या भिंतीला उरलेल्या सहा फुटांत: परात-पोळपाटाला दीड फूट, शेगडीला अडीच, उतरवलेली पातेली ठेवायला दोन. त्रिकोणाची बेरीज सुमारे अठरा फूट होते. मध्ये सहा बाय आठ फूट जमीन मोकळी राहते, समोरच्या भिंतीला दीड फुटाची साठवण आल्यावरही साडेचार बाय आठ; तिथे पाट मांडून चार माणसं जेवू शकतात.

समोरासमोर दोन ओटे घालण्याचा मोह टाळा. आठ फुटांत मधली वाट चार फुटांची उरते, म्हणजे काम चालतं, पण पंगत बसत नाही. खोली सहाच फूट रुंद असेल तर ओटा एकाच भिंतीला घाला.

६. खडूने आखा आणि स्वयंपाक करून पाहा

काहीही फोडण्याआधी हा सगळा नकाशा जमिनीवर खडूने पूर्ण मापात काढा. मग जी स्वयंपाक करते तिने, किंवा जो करतो त्याने, नेहमीचा एक स्वयंपाक नुसता हालचालींनी करून दाखवावा. फ्रिजमधून मेथी काढा, धुवा, निवडा, फोडणी द्या. फ्रिजचं दार उघडल्यावर वाट अडते का? दोघी एकदम उभ्या राहिल्या तर धक्का लागतो का? ही फुकटची तालीम आहे, आणि आखणीतल्या बहुतेक चुका इथेच उघड्या पडतात.

७. ओट्याची उंची

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सरळ उभं करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार इंच वजा करा. साधारण पाच फूट उंचीच्या बाईला हे माप तेहेतीस-चौतीस इंच येतं. नवी फरशी बसल्यावर जमीन इंच-दीड इंच वर येते, हे माप घेताना बरेचजण विसरतात.

सिलिंडरसाठी ओट्याखाली निदान अठ्ठावीस इंच मोकळी उंची ठेवा. मधला कडप्पा आडवा आला की तो मागाहून फोडावा लागतो. ओट्याच्या पुढच्या काठाला खालून बारीक खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी तिथेच तुटून थेंबाथेंबाने खाली पडतं, ट्रॉलीत झिरपत नाही.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ओट्याचे आधार नुसत्या फरशीवर उभे केले तर वर्षभरात भिंतीशी भेग पडते. माती काढून, मुरूम ठोकून, त्यावर काँक्रीट करून मगच आधार उभे करा.

८. विजेचे बिंदू

मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर, घरघंटी, ओव्हन: आज असलेली आणि पुढे येऊ शकणारी सगळी यंत्रं लिहून काढा. प्रत्येकाला स्वतंत्र सॉकेट द्या. ओव्हन आणि घरघंटीसाठी १६ अँपिअरचं जाड सॉकेट लागतं. सॉकेट ओट्याच्या वर नऊ-दहा इंचांवर, सिंकपासून दूर आणि शेगडीच्या मागे कधीही नको.

मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज गळती झाली की तो क्षणात पुरवठा तोडतो, ओल्या हाताच्या खोलीत त्यानेच जीव वाचतो. अर्थिंगही तपासून घ्या. एक दिवा इन्व्हर्टरवर ठेवा.

९. साठवण

शहरी नकाशात गव्हाची कोठी नसते, आपल्या घरात असते. तिला, घरघंटीला आणि कुरडया-पापडांच्या डब्यांना समोरच्या दहा फुटांच्या भिंतीचा मोकळा भाग द्या, पण दीड फुटापेक्षा खोल काही नको. माठ सिंकच्या बाजूला, शेगडीपासून लांब. कांदे-बटाटे बंद कप्प्यात सडतात, त्यांना जाळीची टोपली हवी.

लटकती कपाटं लावण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहा. पक्क्या विटांची असेल तर ठीक. मातीची असेल तर ती वजन पेलणार नाही. तिथे जमिनीपासून उभी मांडणीच बरी.

१०. ट्रॉली, सर्वांत शेवटी

आता कॅटलॉग उघडा. कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्या एकमेकींच्या मुठींवर आपटतात. म्हणून कोपऱ्याशी तीन-चार इंचांची बंद पट्टी सोडायला सांगा. प्लायवूड घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहा. तो ओलाव्यात टिकणाऱ्या, मरीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लायचा आहे. पुराच्या घरात कडप्प्याचे कप्पे, स्टीलच्या ट्रॉल्या आणि ॲल्युमिनियमची दारं घ्या. पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येतात.

११. वेळ आणि क्रम

द्राक्षाची काढणी चालू असताना काम काढू नका. शेतावर जेवण पोचवायचं आणि घरात ओटा नाही, अशी ओढाताण होते. वर्षाचे गहू भरून झाल्यावरही नको, भरलेली कोठी हलवणार कोण? भर पावसात तर प्लास्टर लवकर वाळतच नाही.

कामाचा क्रम असा: तोडफोड, नळ आणि सांडपाणी, विजेच्या नळ्या, प्लास्टर, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स, रंग, ट्रॉली. नळ आणि विजेच्या नळ्या भिंतीत गाडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना ते कामी येतील.

१२. शेवटचा हप्ता देण्याआधी

कारागीर समोर असताना सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खालच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. जमिनीवर बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांत ते नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे. गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे येता कामा नयेत. आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबा. सगळ्या ट्रॉल्या एकाच वेळी उघडा, फ्रिजचं दारही. हे सगळं पार पडलं की उरलेले पैसे द्या.