आपल्या नावाची खातेवही

पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे निरक्षर ऋणकोला कळत नसे. आज कर्जफेडीची नोंद बँका पतमाहिती कंपन्यांकडे पाठवितात आणि नवे कर्ज देण्यापूर्वी ती पाहतात. दुसऱ्याचे थकलेले कर्ज तीत चुकून आपल्या नावावर चढले, तर प्रामाणिक माणसालाही नकार मिळतो. म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून अशा चारही कंपन्यांकडून प्रत्येकी एक संपूर्ण अहवाल दरवर्षी विनामूल्य मिळतो. त्यासाठी ओळख पटवून मागणी करावी लागते. अहवालात चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळते. ऋण फेडणे हे कर्तव्य खरेच. परंतु आपला हिशेब स्वतः वाचून पाहणे, हेही नागरिकाचे कर्तव्य होय.