विश्लेषण : कॅसिनो, लॉटरीत मोठी रक्कम लागली तर हातात नेमके किती उरते?

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याच्या कामाचे महिन्याला दीड हजार रुपये मिळवणारी वऱ्हाडातील महिला एका दिवसात करोडपती झाली, याचे बुलढाण्यासह सगळ्या विदर्भाला कौतुक वाटले. पण अशा एक कोटीच्या बक्षिसातले प्रत्यक्षात हातात किती राहतात? गोव्याच्या कॅसिनोत, राज्य लॉटरीत किंवा गावातल्या लकी ड्रॉमध्ये मोठी रक्कम लागली तर कर कोण कापतो, उरलेला कर कधी भरायचा आणि फसवणूक कशी ओळखायची, याविषयी…

बुलढाण्यात काय कायदेशीर, काय बेकायदा?

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोसंबंधी कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे जिल्ह्यातील तेरा तालुक्यांपैकी कुठेही कुणी 'कॅसिनो' चालवत असेल तर तो जुगार अड्डाच ठरतो. राज्य सरकारची लॉटरी मात्र १९६९ पासून कायदेशीर आहे. शेजारच्या गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत परवानाधारक कॅसिनो आहेत. मलकापूर, शेगाव, खामगावहून गोव्याला सहलीला गेलेल्या पर्यटकाला तिथे जाता येते, मात्र वय २१ वर्षे पूर्ण हवे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्यानंतर मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. आजही मोबाइलवर 'घरबसल्या कॅसिनो' अशी जाहिरात दिसत असेल, तर ते अॅप बहुधा परदेशातून बेकायदा चालवले जात असते. तिथे जिंकलेले पैसे मिळतीलच याची हमी नसते आणि ते बुडाले तर दाद मागणेही अवघड जाते.

जिंकलेल्या रकमेवर कर किती?

लॉटरी, शब्दकोडे, पत्त्यांचा खेळ, टीव्हीवरील प्रश्नमंजूषा, घोड्यांची शर्यत, जुगार किंवा पैज यांतून मिळालेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो. जुन्या प्राप्तिकर कायद्यात ही तरतूद कलम ११५बीबीमध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, ३० टक्क्यांचा दर मात्र कायम ठेवला आहे.

या कराला उत्पन्नाचे टप्पे नाहीत. नव्या करप्रणालीत इतर उत्पन्नाच्या पहिल्या चार लाखांवर कर लागत नाही, ती सवलत जिंकलेल्या रकमेला मिळत नाही. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणारी करमाफीही या रकमेला लागू नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपला प्राप्तिकराशी संबंध नाही, असे अनेक शेतकरी कुटुंबांना वाटते. पण चिखली किंवा मेहकरच्या सोयाबीन उत्पादकाला तीन लाखांचे बक्षीस लागले, तर त्याच्या बक्षिसावरही पूर्ण ३० टक्के कर लागतो.

३० टक्के कापले म्हणजे कर संपला का?

नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. बक्षीस देणारी संस्था रक्कम देताना ३० टक्के कर कापून सरकारकडे भरते. यालाच टीडीएस म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून एका वेळची जिंकलेली रक्कम दहा हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तेव्हा हा कर कापला जातो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या या टीडीएसमध्ये उपकर आणि अधिभार धरलेला नसतो. ४ टक्के उपकर सगळ्यांनाच द्यावा लागतो. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की करावर १० टक्के, तर एक कोटीच्या वर गेले की १५ टक्के अधिभार लागतो. हा फरक विजेत्याला स्वतःच भरावा लागतो.

जिंकलेल्या रकमेशिवाय दुसरे करपात्र उत्पन्न नाही असे धरले, तर हिशेब असा :

- ३ लाख रुपये : टीडीएस ९० हजार, एकूण कर ९३,६००. नंतर भरायचे ३,६००. हातात २,०६,४००.
- २० लाख रुपये : टीडीएस ६ लाख, एकूण कर ६,२४,०००. नंतर भरायचे २४ हजार. हातात १३,७६,०००.
- ६० लाख रुपये : टीडीएस १८ लाख, एकूण कर २०,५९,२००. नंतर भरायचे २,५९,२००. हातात ३९,४०,८००.
- १ कोटी रुपये : टीडीएस ३० लाख, एकूण कर ३४,३२,०००. नंतर भरायचे ४,३२,०००. हातात ६५,६८,०००.

म्हणजे एक कोटी जिंकणाऱ्याच्या खात्यात ७० लाख जमा होतात, पण त्यातले ४ लाख ३२ हजार सरकारचे असतात. ही रक्कम बाजूला न काढता घर, ट्रॅक्टर, मुलीचे लग्न यात पैसा खर्च झाला, तर काही महिन्यांनी विवरणपत्र भरताना कर्ज काढायची वेळ येऊ शकते.

उरलेला कर कधी भरायचा?

टीडीएस वजा जाता वर्षाचा उरलेला कर दहा हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर तो आगाऊ कर म्हणून भरावा लागतो. त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला असतात. बक्षीस कधी लागेल हे आधी कुणालाच माहीत नसते, हे कायद्यालाही मान्य आहे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये बक्षीस लागले तर डिसेंबर आणि मार्चच्या हप्त्यांत कर भरला तरी चालतो, आधीचे हप्ते चुकले म्हणून व्याज लागत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील ज्येष्ठांना आगाऊ कराची सक्ती नाही, ते विवरणपत्र भरताना कर भरू शकतात.

विवरणपत्र भरणेही टाळता येत नाही. वर्षभरात टीडीएस २५ हजार रुपये किंवा जास्त (ज्येष्ठांसाठी ५० हजार) असेल, तर उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र सक्तीचे आहे. पगारदार मंडळी नेहमी भरतात तो सोपा आयटीआर-१ हा अर्ज लॉटरी किंवा जुगाराच्या उत्पन्नाला चालत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ भरावा लागतो.

कॅसिनोत चिप्सचे पैसे रोख मिळतात का?

कॅसिनोत खेळ चिप्सवर चालतो. खेळ संपल्यावर चिप्स रोखपालाच्या खिडकीवर देऊन पैसे घेतले जातात. इथे प्राप्तिकर कायद्याची आणखी एक मर्यादा लागू होते. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्यामुळे मोठी रक्कम बँक खात्यातच घ्यावी.

मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायद्यानुसार कॅसिनोंना ग्राहकाची ओळख पटवावी लागते आणि दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला द्यावी लागते. म्हणून पॅन आणि आधार सोबत ठेवावे. पॅन दिला नाही तर कापलेला कर आपल्या नावावर जमा दिसत नाही आणि पुढे तो मिळवताना दमछाक होते. निघताना टीडीएस प्रमाणपत्र कसे व कधी मिळणार, हे विचारून घ्यावे.

गोव्यात चार लाख हरलो, तीन लाख जिंकलो, तर?

खिशातून एक लाख गेले, तरी जिंकलेल्या तीन लाखांवर कर लागतोच. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षावरही नेता येत नाही. प्रवास, हॉटेल, प्रवेश शुल्क किंवा लॉटरीच्या न लागलेल्या तिकिटांचा खर्चही धरला जात नाही.

जिंकलेल्या रकमेतून देवस्थानाला किंवा संस्थेला देणगी दिली, तर त्या बक्षिसावरील करात देणगीची वजावट मिळत नाही. आयुर्विमा, मुलांची शाळेची फी, पीपीएफ यांचेही तेच. शेगावी जाऊन नवस जरूर फेडावा, पण देणगीने कर कमी होईल या भरवशावर राहू नये.

याखेरीज कॅसिनोत खेळायला घेतलेल्या चिप्सवर जीएसटी वेगळा आहे. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. जीएसटी खेळात उतरताना लागतो आणि प्राप्तिकर जिंकल्यावर.

मटक्याच्या पैशांवरही कर लागतो?

मटक्याचा उगम कापसाशी जोडलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारा आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईत यायचा, त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६० च्या दशकात तो भाव येणे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि 'मटका' हे नाव रूढ झाले. खामगावसारख्या जुन्या कापूस बाजारपेठेच्या जिल्ह्यात 'ओपन-क्लोज' हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

मटका राज्यात बेकायदा आहे. तरीही उत्पन्न बेकायदा मार्गाने आले म्हणून करातून सुटत नाही. मटक्यात अडकलेल्याला जुगारबंदी कायद्याखाली कारवाई आणि प्राप्तिकर विभागाची विचारणा, अशा दोन्हींना तोंड द्यावे लागू शकते. शिवाय बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक त्याची माहिती प्राप्तिकर विभागाला देते.

मोटारसायकल किंवा गाडी लागली तर?

वस्तूच्या रूपातील बक्षिसावरही ३० टक्के कर आहे. गाडीतून कर कापून घेता येत नाही, म्हणून त्यावरचा कर भरला गेल्याची खात्री करूनच आयोजकाने गाडी द्यायची असते. दहा लाखांच्या गाडीसाठी तीन लाखांचा कर कुणी भरायचा, विजेत्याने की आयोजकाने, हे सोडतीच्या अटींत आधी वाचावे.

चार मित्रांनी वर्गणी काढून लॉटरीचे तिकीट घेतले आणि बक्षीस एकाच्या नावाने उचलले, तर सगळा टीडीएस त्या एकाच्या पॅनवर दिसतो आणि विचारणाही त्यालाच होते. त्यामुळे कुणाचा वाटा किती हे बक्षीस उचलण्याआधी लिहून घ्यावे आणि सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. तिकिटाच्या मागे सही करून ते जपून ठेवावे, झेरॉक्स काढावी आणि दाव्याची मुदत तिकिटावर पाहावी.

'आधी कर भरा, मग बक्षीस घ्या' असा फोन आला तर?

तो जवळपास नक्की फसवणुकीचा असतो. 'केबीसी'च्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचे व्हॉट्सअॅप संदेश अनेक वर्षे फिरत आहेत. आधी प्रक्रिया शुल्क, मग जीएसटी, मग प्राप्तिकर, असे म्हणत पैसे उकळले जातात. बनावट अॅपवर खात्यात लाखो रुपये 'जिंकलेले' दिसतात आणि ते काढायला गेले की कराची मागणी होते.

यातून वाचण्यासाठी एक नियम पक्का लक्षात ठेवावा. रोख बक्षिसाचा टीडीएस बक्षिसातूनच कापला जातो. उरलेला कर विजेता प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवरून स्वतःच्या पॅनवर भरतो. कराचे पैसे कुणाच्या यूपीआय क्रमांकावर किंवा खासगी खात्यात कधीच द्यायचे नसतात. आणि जे तिकीट काढलेच नाही, त्याला बक्षीस लागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खऱ्या विजेत्याने आधी काय करावे?

टीडीएस प्रमाणपत्र मिळवावे आणि प्राप्तिकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणात तोच आकडा दिसतो का ते पाहावे. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे उरलेला कर लगेच वेगळ्या खात्यात ठेवावा. जिंकलेली रक्कम मुदत ठेवीत टाकली तर तिच्या व्याजावर नेहमीच्या दराने वेगळा कर लागतो. पत्नीच्या नावावर ठेव केली तरी ते व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. मित्राला वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट दिली तर ती त्याच्या हातात करपात्र होते.

हे सगळे उरकेपर्यंत नातेवाइकांना आकडा सांगताना तो कर वजा करूनच सांगितलेला बरा.